गोव्यात पहिली नोकरी शोधताना: कागद, बस, ओळखी आणि हातात येणारा पगार

निकाल लागला की गोव्यातल्या बहुतेक घरांत सल्ला ठरलेला: "सरकारी जाहिरात आली की भर, तोवर घरीच बस." जाहिरात येते, परीक्षा पुढे जाते, यादी रखडते आणि बघता बघता दोन-तीन वर्षं जातात. मग अनुभवाच्या रकान्यात काहीच नसलेला पदवीधर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीच्या गेटवर रांगेत उभा राहतो. त्याच्या पुढे त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, वर्षभर ॲप्रेंटिस म्हणून काम केलेली मुलगी असते. भरती करणारा कुणाला घेईल हे सांगायला ज्योतिषी नको.

एका औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षं भरतीचं काम केलं आहे. सरकारी नोकरीची आस सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पगार, रजा, निवृत्तीपर्यंतची हमी यांना तोड नाही हे खरं आहे. पण वाट बघणं म्हणजे तयारी नव्हे. फॉर्म भरा, अभ्यास करा, पण कुठेतरी कामाला लागून करा. बाकीचं सगळं याच हिशेबाने मांडलंय.

आधी कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते आधी उरका. जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत धावणाऱ्यांची अर्जाची मुदत तिथेच संपते.

रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवा. गोवा सरकारच्या बहुतेक पदांना हे कार्ड लागतं आणि नोंदणी ऑनलाइन होते. कार्डावरची नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. मुदत संपलेलं कार्ड दाखवून हिरमुसलेली मुलं दर भरतीत दिसतात. दुसरा कागद म्हणजे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, जो मामलेदाराकडून मिळतो. आरक्षणात बसत असाल तर जातीचा दाखला, ओबीसींना त्यासोबत नॉन-क्रिमीलेअरचाही. दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आणि स्वच्छ स्कॅन करून फोनमध्येही ठेवा. उशीवर ठेवून काढलेला, कोपरा कापला गेलेला, वर अंगठा दिसणारा फोटो कुणी पाठवला की समोरचा माणूस पुढचं पान उघडतच नाही.

सगळ्या कागदांवर नाव सारखं आहे ना ते बघा. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, गुणपत्रिकेवर नाही, पॅनवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हे गोव्यात घरोघरी आहे. नोकरी लागल्यावर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याशी आधार जोडताना हाच घोळ डोकं वर काढतो. आताच दुरुस्त करा.

सरकारी जाहिरातींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठी येत असल्यास उत्तम, अशी ओळ असते. घरात कोकणी बोलणाऱ्याला ही अट सोपी वाटते, पण बोलणं वेगळं आणि देवनागरीत शुद्ध लिहिणं वेगळं. शाळेत मराठी शिकलेल्यांचं कोकणी लेखन हमखास मराठीच्या वळणावर जातं. रोज अर्धा तास कोकणी वाचन-लेखन ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत हात बसतो. गट 'क' च्या पदांची भरती आता गोवा कर्मचारी निवड आयोग संगणकावरच्या परीक्षेने घेतो आणि वरची पदं लोकसेवा आयोगाकडे असतात. दोन्ही संकेतस्थळं आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा. व्हॉट्सॲपवर फिरणारी जाहिरात अनेकदा मुदत संपल्यावरच आपल्यापर्यंत पोचते.

घरातून बस कुठवर जाते?

नोकरीच्या सल्ल्यांत हे कुणी लिहीत नाही, पण गोव्यात नोकरी टिकते की नाही ते इथेच ठरतं. वाळपईच्या मुलीला वेर्ण्यात चांगली नोकरी मिळते, पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते आणि तिच्या गावातून त्या वेळी पोचेल अशी बसच नसते. दुसऱ्या पाळीला रात्री अकराला सुटल्यावर तर प्रश्नच नको. कंपनीची बस असते, पण ती ठरावीक मार्गावरून ठरावीक नाक्यापर्यंतच. म्हणून अर्ज करण्याआधी कंपनीच्या गेटवर किंवा तिथे काम करणाऱ्याला विचारा: बस कुठून सुटते, किती वाजता, आणि रात्रपाळीला मुलींना घरापर्यंत सोडतात का.

आपल्या जवळ कामाची ठिकाणं कुठली, याचा कागदावर नकाशा काढा. सत्तरी-डिचोलीकरांना होंडा, पिसुर्ले, डिचोली, साखळी जवळ. फोंड्याच्या बाजूला कुंडई, मडकई, बेतोडा आणि उसगावचा पट्टा. बार्देशात थिवी, पिळर्ण, कोलवाळ. सासष्टी, केपे, काणकोणवाल्यांना वेर्णा, कुंकळ्ळी, काकोडा. झुआरीचा नवा पूल २०२३ च्या शेवटी दोन्ही बाजूंनी खुला झाल्यापासून पणजीहून वेर्ण्याला जाणं पूर्वीइतकं जिवावर येत नाही. तरी आडवळणाच्या गावातून दोन बस बदलून जाणाऱ्याने पहिल्या सहा महिन्यांपुरती वास्को किंवा मडगावात भागीदारीत खोली घेण्याचा विचार करावा. तसं केलं तर भाड्याचा आकडा आणि कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, मासिक पासाचा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा.

काम कुठे आहे आणि कधी निघतं

औषध कंपन्या हा गोव्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलांचा मुख्य आधार. सिप्ला, ल्युपिन यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या वेर्ण्यात आहेत, ग्लेनमार्क कोलवाळला. रसायनशास्त्राची बीएस्सी किंवा बी.फार्म असेल तर गुणवत्ता नियंत्रण (क्यूसी), गुणवत्ता हमी (क्यूए) आणि उत्पादन या तीन दारांतून आत जाता येतं. आयटीआय झालेल्यांना पॅकिंग आणि यंत्रांच्या देखभालीत. ही भरती वर्षभर थोडी थोडी चालू असते आणि बरीचशी वॉक-इनने होते, म्हणजे अमुक दिवशी सकाळी कागद घेऊन थेट या. वॉक-इनला शनिवार-रविवारी जास्त गर्दी असते. तिथे नऊच्या आधी पोचलेल्याला निदान नीट बोलायला मिळतं. दुपारी बारानंतर मुलाखत घेणाऱ्याचं अर्धं लक्ष जेवणाच्या डब्याकडे असतं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतेय.

हॉटेलांचं गणित हंगामावर चालतं. ऑक्टोबरपासून पर्यटक वाढतात, त्यामुळे माणसं घेण्याची धांदल ऑगस्ट-सप्टेंबरात, चवथीच्या आगेमागे. डिसेंबरात जाऊन विचारलंत तर काम मिळेल, पण हंगामापुरतं, आणि पावसाळा आला की "नंतर कळवतो" ऐकावं लागेल. हॉटेल मॅनेजमेंट केलेलं नसलं तरी हाउसकीपिंग आणि फूड अँड बेव्हरेजमध्ये नवख्यांना घेतात. विचारायचं ते एवढंच: ब्रेक शिफ्ट आहे का? सकाळी चार तास, मधले चार तास रिकामे, संध्याकाळी पुन्हा चार तास. तुमचं घर कळंगुटच्या हॉटेलपासून लांब असेल तर ते रिकामे तास फुकट जातात. "दोन दिवस ट्रायल" म्हणून स्वयंपाकघरात कांदे चिरायला लावणाऱ्या लहान जागांना पहिल्या दिवशीच विचारा, ट्रायलचे पैसे मिळणार का.

वाणिज्य शाखेच्या मुलांचं जरा वेगळं. पणजी, मडगाव, म्हापशातल्या सीएंच्या कचेऱ्यांना जून ते सप्टेंबर माणसं कमी पडतात, कारण विवरणपत्रं आणि ऑडिट सगळं त्याच महिन्यांत येतं. पगार बेताचा असतो, राबवूनही घेतात. पण तिथे वर्षभर बसलेल्याला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीचं विवरणपत्र, बँकेचं खातेजुळणीपत्रक हाताने येतं आणि पुढे कुठल्याही कारखान्याच्या लेखा विभागात ते चालतं. माझ्या मते बी.कॉम. झालेल्याला पहिल्या नोकरीसाठी याहून चांगली शाळा नाही.

पेडण्याच्या मुलांसाठी मोपाचा विमानतळ. जानेवारी २०२३ मध्ये तिथून उड्डाणं सुरू झाली. ग्राउंड हँडलिंग, कार्गो, दुकानं, सफाई, सुरक्षा अशी कामं तिथे वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत, त्यामुळे "विमानतळावर अर्ज केला" याला अर्थ नाही. कुठल्या कंपनीत केला ते महत्त्वाचं. आत जाण्याच्या पासासाठी पोलीस पडताळणी होते. गावच्या भांडणात नाव गुंतलं असेल तर ते आधी निस्तरा.

जहाजावर जाणं ही दक्षिण गोव्यातली जुनी वाट. तिथे आधी मूलभूत सुरक्षेचे कोर्स आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, लागते. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा (डीजी शिपिंग) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करण्याचा, परवाना आहे का हे त्याच्या तोंडावर विचारायला लाजू नका. परवान्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

ॲप्रेंटिसशिप, हिला कमी लेखू नका

"ॲप्रेंटिस म्हणजे फुकटात राबणं," असं म्हणणारे काका प्रत्येक वाड्यावर असतात. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतन द्यावंच लागतं आणि त्याचा काही भाग सरकार उचलतं. आयटीआयवाल्यांनी राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर, डिप्लोमा आणि पदवीवाल्यांनी एनएटीएस या त्यांच्यासाठीच्या सरकारी ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव घाला. वास्कोची गोवा शिपयार्ड, मोठे कारखाने आणि सरकारी खातीही ॲप्रेंटिस घेतात.

विद्यावेतन पगाराएवढं नसतं आणि वर्ष संपल्यावर तिथेच कायम करतील याची हमी नसते, हे आधीच मनाशी धरा. आणखी एक: ॲप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी वगैरे लागू होत नाही. पण वर्षअखेरीला हातात अनुभवाचा कागद असतो आणि ज्या सुपरवायझरच्या हाताखाली काम केलं तो तुमचं नाव पुढे सांगू शकतो. मी भरती करताना दोन सारखे उमेदवार आले की पाळीत काम केलेल्यालाच घेत असे. रात्रपाळीच्या तिसऱ्या दिवशी तो पळून जाणार नाही, एवढी खात्री तरी असते.

एक पान

बायोडेटा एक पानाचा. वर नाव, फोन, ईमेल, गाव-तालुका. खाली शिक्षण, मग हाताने काय येतं ते. जात, वडिलांचा धंदा, रक्तगट, "माझं ध्येय एक आव्हानात्मक पद मिळवणं" असली सायबर कॅफेतून कॉपी केलेली ओळ, हे सगळं काढा. त्या एकाच ओळीचे गठ्ठे माझ्या टेबलावर असायचे.

'मेहनती' असं लिहून काही कळत नाही. "शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात पाण्याचे नमुने घेऊन पीएच आणि कठीणपणा मोजला" असं लिहिलं की कळतं. गावच्या जत्रेच्या समितीचा जमाखर्च सांभाळला असेल, काकाच्या दुकानात दोन सुट्ट्या बसला असाल, तेही लिहा. नवख्याला ते चालतं. फाइलचं नाव तुमचं नाव आणि पद असं ठेवा. 'नवीन बायोडेटा फायनल दोन' या नावाची फाइल डाउनलोड केल्यावर ती पुन्हा सापडत नाही.

माणसांना सांगणं

गोवा एवढासा. बऱ्याच जागा जाहिरात निघण्याआधी आतल्या माणसांना कळतात. कुणी नोकरी सोडतो, सुपरवायझर पाळीतल्या लोकांना विचारतो, "कोण आहे का रे ओळखीत?" तिथे तुमचं नाव निघायला हवं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मंत्र्याच्या बंगल्यावर चिठ्ठी घेऊन जाणं आणि शेजारच्या दादाला "तुझ्या खात्यात जागा निघाली तर सांग" म्हणणं यांत फरक आहे. दादा तुमचा बायोडेटा पुढे सरकवेल, मुलाखत तुम्हालाच द्यायची आहे.

पण सांगायचं कसं? "दादा, कायतरी बघ ना माझ्यासाठी" याने काही होत नाही. त्याला काय बघायचं तेच कळत नाही. हे असं पाठवा:

"दादा, नमस्कार. मी यंदा रसायनशास्त्रात बीएस्सी झाले. क्यूसी किंवा क्यूएमध्ये ट्रेनी म्हणून काम शोधतेय. कुंडई, मडकई, वेर्णा चालेल, पाळ्याही चालतील. बायोडेटा सोबत जोडलाय. तुमच्याकडे जागा निघाली किंवा एचआरचा ईमेल मिळाला तर कळवशील का?"

हा मेसेज दादा जशाच्या तसा पुढे पाठवू शकतो, त्याला काही लिहावं लागत नाही. असे मेसेज करायला माणसं शोधा: कॉलेजचे दोन वर्षं पुढचे विद्यार्थी, प्रयोगशाळेतले सर, आयटीआयचे निदेशक, आतेभावाच्या कंपनीतला मित्र. एकाच दिवशी सगळ्यांना नको, आणि कुणी मदत केली की काय झालं ते त्याला नक्की कळवा. नोकरी लागली नाही तरी कळवा. पुढच्या वेळी तो पुन्हा तुमच्यासाठी शब्द टाकेल.

मुलाखत

मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. कारखान्यातली पहिली मुलाखत बहुधा हिंदी, कोकणी आणि इंग्रजीची खिचडी असते, कारण समोरचा मॅनेजर अनेकदा महाराष्ट्राचा किंवा कर्नाटकाचा असतो. स्वतःची ओळख, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, पाळीत काम जमेल का, पगाराची अपेक्षा, आणि 'तुम्हीच का', एवढ्या पाच गोष्टी इंग्रजीत मोठ्याने बोलून पक्क्या करा. अडखळलात तर हिंदीत बोला, गप्प बसू नका.

क्यूसीच्या मुलाखतीत नवख्याला पीएच मीटर कसा कॅलिब्रेट करतात, टायट्रेशनचा शेवटचा बिंदू कसा ओळखतात, एचपीएलसीमध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कॉलमचं काम काय, हे विचारतात. नोंद चुकली तर काय करशील, असंही विचारतात. व्हाइटनर लावणार म्हणालात तर संपलं. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, हे उत्तर त्यांना हवं असतं. फिटरच्या मुलाखतीत हातात व्हर्नियर देऊन माप घ्यायला सांगतात. आदल्या रात्री हे एकदा उजळा.

हातात किती येणार?

"वीस हजार सीटीसी" ऐकून पेढे वाटू नका. ढोबळ हिशेब मांडून बघू. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च, त्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, वाटाही धरलेला असतो. समजा पगारपत्रकावरचा पगार १८,००० आणि त्यातला मूळ पगार १२,०००. मालक मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० भरतो, शिवाय ईएसआयचे ३.२५ टक्के, म्हणजे ५८५. बेरीज झाली २०,०२५, हीच तुमची "वीस हजारांची" नोकरी. आता तुमच्याकडून निधीचे १,४४० आणि ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे १३५ कापले जातात. हातात येतात १६,४२५. काही कंपन्या बोनस आणि ग्रॅच्युइटीही सीटीसीत घालतात, मग हातातला आकडा आणखी खाली येतो. त्यातून बसचा पास, डबा आणि लागल्यास खोलीभाडं वजा करा.

कापलेले पैसे वाया जात नाहीत. निधीत तुमच्या नावावर साठतात आणि ईएसआयवर घरच्यांनाही उपचार मिळतात. "आम्ही पीएफ कापत नाही, सगळे पैसे हातात देतो" म्हणणाऱ्या मालकावर भाळू नका.

नेमणूकपत्राशिवाय कामाला सुरुवात करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक केलं आहे. त्यात पद, पगाराची फोड, प्रोबेशन किती महिन्यांचं आणि नोटीस किती दिवसांची, हे वाचा. नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, हेही तिथेच कळतं. कंत्राटदाराकडून घ्यायला हरकत नाही, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या.

पैसे मागणारे

नोकरीसाठी पैसे मागितले की उठून यायचं. मागणारा नात्यातला असला, मोठ्या माणसासोबत त्याचे फोटो असले, तरीही. २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये घेतल्याची प्रकरणं गोव्यात एकामागून एक बाहेर आली, अटकाही झाल्या. दागिने विकून पैसे दिलेल्या घरांना ना नोकरी मिळाली, ना पैसे. निवड यादी वेबसाइटवर लागते, कुणाच्या खिशातून निघत नाही.

खासगीतही तेच. गणवेशाचे पैसे, "परत मिळणारी" अनामत, घरबसल्या टायपिंगच्या कामासाठी नोंदणी शुल्क, ही सगळी एकाच माळेतली मणी आहेत. मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकं ते पैसे अडवणं अवघड.

नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात एचआरकडून आपला यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा कायमचा क्रमांक, मागून घ्या, मोबाइलवर चालू करा आणि निधी खरंच जमा होतोय का ते दर दोन-तीन महिन्यांनी बघा. दुसऱ्या नोकरीत हाच क्रमांक द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. आणि सरकारी परीक्षेच्या दिवसाची रजा लागणार असेल तर ती सुपरवायझरला आठवडाभर आधी सांगा. आदल्या रात्री "ताप आलाय" असा मेसेज टाकलात, तर परीक्षा कुठल्या शाळेत होती हेसुद्धा त्याला ठाऊक असतं.